लॅपटॉपची वाटणी

होडी म्हातारी झाली की तिचं काय करायचं, हे मालवणात कुणाला शिकवावं लागत नाही. ती किनाऱ्यावर उपडी घालतात. मग तिच्या पाठीवर जाळी सुकतात, पोटाखाली मांजरी वितात आणि संध्याकाळी तिच्या आडोशाला बसून चार निवृत्त मंडळी न आलेल्या पाचव्याची निंदा करतात. थोडक्यात, होडीला सेवानिवृत्तीनंतरही मान असतो. लॅपटॉपला तशी सोय नाही. तो उपडा घातला तर त्याच्याखाली पालसुद्धा जात नाही.

आमच्या घरी असा एक म्हातारा लॅपटॉप आहे. जन्म २०१२, मुक्काम पूर्वी डोंबिवली, हल्ली मालवण. तो मुळात दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. २०१८ साली कंपनीनं दादाला नवा लॅपटॉप दिला आणि जुना घराण्याच्या रीतीप्रमाणं धाकट्याकडं आला. लहानपणी दादाच्या चड्ड्या याच मार्गानं माझ्याकडं येत. फरक इतकाच, की चड्डीला फक्त बटण नसायचं. लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती. वायर भिंतीतून निघाली, की तो वाक्य अर्धं टाकून प्राण सोडायचा. शिवाय त्याला जाग यायला वेळ लागे. सकाळी त्याचं बटण दाबून मी आंघोळीला जाई, देवपूजा करी, पेज जेवी, आणि बँकेत जाण्यासाठी चपला घालू लागलो, की तो "स्वागत आहे" म्हणे.

पण त्याला टाकून द्यायची माझी छाती नव्हती. कारण त्याच्या डी ड्राइव्हमध्ये आण्णा होते.

आण्णा म्हणजे आमचे वडील. प्राथमिक शाळेत मास्तर होते. लॅपटॉप घरात आला तेव्हा त्यांनी वयाच्या पंचाहत्तरीत एका बोटानं टायपिंग शिकून घेतलं आणि घराण्याची हकीकत लिहायला बसले. मग कुणीतरी त्यांना रेकॉर्डिंग दाखवलं. झालं! जत्रेतली दशावतारी नाटकं रात्र रात्र जागून त्यांनी त्यात भरली, गावातल्या म्हाताऱ्यांच्या गजाली भरल्या, स्वतःचं गाऱ्हाणं भरलं. गाऱ्हाणं घालावं तर आण्णांनी, असं गावात म्हणत. २०२१च्या मे महिन्यात ते गेले. डी ड्राइव्ह राहिला.

गेल्या वर्षी, २०२५च्या ऑक्टोबरात, ह्या म्हाताऱ्यावर एक आपत्ती आली. त्याच्यात विंडोज १० होतं आणि त्याचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबरला संपणार असल्याचं कंपनीनं जाहीर केलं होतं. पुढची विंडोज ११ घालावी, तर तिला सुरक्षेची एक ठरावीक चिप लागते, ती ह्या वयात त्याच्या अंगात बसवणं शक्य नव्हतं. मी त्या नोटिशीकडं बँकेच्या परिपत्रकाकडं बघतो तसाच बघत होतो, म्हणजे वाचून बाजूला सारत होतो. पण आमची कन्या अकरावीला आहे. तिला पायथन शिकायचं होतं. (हे नाव ऐकून सौ.नं एक दिवस पलंगाखाली झाडलं.) कन्या म्हणाली, "बाबा, आपण ह्याच्यात लिनक्स टाकूया. फुकट असतं."

लिनक्स म्हणजे काय, ते कन्येनं मला सांगितलं आणि मी आपल्याला सांगतो; मधल्या मध्ये काही सांडलं तर जबाबदारी माझी. १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. संगणकाचा सगळा कारभार चालवणारी प्रणाली त्यानं हौसेखातर लिहायला घेतली आणि ऑगस्टमध्ये लोकांना कळवलं, की मी असं असं करतोय, फार मोठं काही होणार नाही. नवकवीसुद्धा पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत असंच लिहितात, पण त्यांचं खरं ठरतं. ह्याचं ठरलं नाही. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या गृहस्थांनी १९८३ पासून मुक्त प्रणालीची सगळी भांडीकुंडी जमवून ठेवली होती, पण चूल पेटत नव्हती. ती चूल फिनलंडहून आली. आज जगातले सर्वांत ताकदवान पाचशे संगणक लिनक्सवर चालतात आणि आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनही आतून त्याच कुळीचा आहे.

आता 'मुक्त' आणि 'फुकट' ह्या दोन्हीला इंग्रजीत शब्द एकच असल्यामुळं स्टॉलमनसाहेबांना आयुष्यभर तो फरक समजावत बसावं लागलं. मालवणात जन्मले असते तर त्यांनी मसाल्याचं उदाहरण दिलं असतं. बाजारातून मसाल्याची पुडी आणली, तर तिच्यात काय काय कुटलंय ते पुडीवाला पूर्ण सांगत नाही. माझ्या आत्याच्या मसाल्याची कृती मात्र कुणीही मागावी, स्वतःच्या चवीप्रमाणं दोन मिरच्या इकडंतिकडं कराव्या. अट एकच: तो सुधारलेला मसाला चार घरी वाटलात, तर त्याची कृतीही त्या घरांपासून लपवायची नाही. लिनक्सचा परवाना असाच आहे.

हे सगळं मी शेजारच्या आबांना रसाळपणे सांगितलं. आबा गप्प ऐकून घेऊन म्हणाले, "मेल्या, फुकट कोण काय देता? आज फुकट देतले आणि उद्या घराक टाळो लावूक येतले. तू बँकेत रवान काय शिकलंस?" मग त्यांची नजर पडद्यावरच्या पेंग्विनवर गेली. हा लिनक्सचा कुलस्वामी. "ह्यो काय खाता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मासे." आबांचा चेहरा जरा निवळला. "मग बघ घालून," ते म्हणाले.

लिनक्सच्या पुष्कळ जाती आहेत. कन्येनं त्यांतली 'मिंट' निवडली, तीही म्हाताऱ्या यंत्रांना झेपेल अशी हलकी. ह्या मिंटवाल्यांची एक रीत आहे. ते प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव देतात. आम्ही उतरवली तिचं नाव 'झारा'. ऐन दिवाळीच्या तोंडावर हे नाव घरात घोळू लागल्यावर जे व्हायचं तेच झालं. मी बाहेरून ओरडलो, "झारा कुठाय?" तर सौ.नं चकल्यांच्या कढईतला तेल गळता झारा आणून माझ्या हातात दिला आणि "दुसरो नाय हां, लगेच परत दी," असं बजावून गेली.

झारा जवळजवळ तीन जीबीची आहे. ती उतरवून घ्यायला अख्खी रात्र गेली. सकाळी कन्या म्हणाली, आता ती वाटेत कुठं बिघडली नाही ना, ते ताडून बघायचं. त्यासाठी चौसष्ट अक्षरी आकडा असतो. तीन जीबीतला एक ठिपका जरी इकडचा तिकडं झाला, तरी तो आकडा पार बदलतो. हे ऐकून मला भरून आलं. माझ्या बी.कॉम.चा ह्या घरात प्रथमच उपयोग होत होता. बँकेत लागलो तेव्हा जुनी मंडळी सांगत, खतावणी ताडताना एक जण आकडे पुकारायचा आणि दुसरा पेन्सिलीनं टिंब द्यायचा. आम्ही बापलेक तसेच बसलो. ती पुकारते, "चार, ए, सात, सात, एफ," आणि मी टिंब देतो. पंचविसाव्या अक्षराला आबा कुंपणावरून डोकावले. "हौशी खेळतासात?" त्यांनी विचारलं. "माका पण एक तिकीट द्या."

आकडा जुळला. मग मी झाराला पेनड्राइव्हमध्ये घातली. म्हणजे लग्नाचे फोटो घालतो तशी नुसती कॉपी केली. लॅपटॉपनं त्या पेनड्राइव्हकडं ढुंकूनही पाहिलं नाही. कन्येनं कपाळाला हात लावला. ती प्रत नुसती ठेवायची नसते, तिची प्रतिष्ठापना करावी लागते, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम असतो आणि पेनड्राइव्हमधलं आधीचं सगळं त्यात पुसलं जातं. माझ्या पेनड्राइव्हमध्ये आमच्या मंडळाचा तीन वर्षांचा जमाखर्च होता. तो पुसला गेल्याचं अजून मी मंडळात सांगितलेलं नाही. हे पुस्तक मंडळातलं कुणी वाचत नसेल, अशा भरवशावर लिहितोय.

आणि मग गाडी अडली. पेनड्राइव्हवरून सुरू व्हायचं तर लॅपटॉपला आधी तसं सांगावं लागतं. ते सांगायची जागा म्हणजे विंडोजच्याही आधी येणारा एक निळा पडदा. त्याला बायॉस म्हणतात. मी त्याचं दार ठोठावलं, तर आतून प्रश्न आला: पासवर्ड?

मला ठाऊक असलेले सगळे पासवर्ड मी घातले. आईचं नाव घातलं, रामेश्वराचं घातलं, डोंबिवलीचा पिनकोड घातला. तीन चुका झाल्या, की लॅपटॉप दार लावून घ्यायचा. मग बंद करून पुन्हा सुरू. शनिवारी बँक सुटल्यावर, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, मी तो काखोटीला मारून कुडाळला एका दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं लॅपटॉप पालथा करून पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि सांगितलं, की ह्या जातीत सेल काढून पासवर्ड जात नाही, मदरबोर्ड बदलावा लागेल. त्यापेक्षा ज्यानं पासवर्ड घातला त्याला विचारा.

किती सोपा उपाय! ज्यानं घातला त्याला विचारा. फक्त, ज्यानं घातला त्याच्याशी मी दीड वर्ष बोललो नव्हतो.

कोकणातल्या वाचकांना कारण सांगायची गरज नाही. इतरांसाठी सांगतो: वाटणी. पेंडूरच्या बाजूला आमची थोडी जमीन आहे. थोडी म्हणजे इतकी थोडी, की सातबाऱ्यावर आमच्या घराण्याची नावं उभी केली, तर निम्म्यांना दुसऱ्याच्या खांद्यावर उभं राहावं लागेल. २०२४च्या मेमध्ये आमच्या दोघांच्या हिश्शाची मोजणी झाली आणि हद्द नेमकी एका काप्या फणसाच्या बुंध्यातून गेली. दादा म्हणाला, फणस माझ्याकडं. मी म्हटलं, डोंबिवलीत राहून तू फणस कधी खाणार? तो म्हणाला, खाण्याचा प्रश्न नाही, तो आण्णांनी लावलाय. इथवर रीतसर चाललं होतं. अशी भांडणं आमच्याकडं चहाबरोबर होतात. पण मग माझ्या तोंडून निघालं, "आण्णांचं एवढं होतं, तर ते गेले तेव्हा कुठं होतास?"

मे २०२१मध्ये जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता. दादानं अर्ज केला होता. पास हातात पडेपर्यंत इथं सगळं आटोपलं होतं. त्यानं ते माझ्या फोनमधून पाहिलं होतं आणि फोन मीच धरला होता. हे सगळं मला ठाऊक असून मी ते बोललो. दादा काही बोलला नाही. त्याच रात्रीच्या गाडीनं निघून गेला. त्यानंतर आमचा पत्रव्यवहार बायकांमार्फत चालू होता. "भावोजींना सांगा, घरपट्टी भरली," वगैरे.

रविवारी रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, साडेनऊ वाजता मी अंगणात जाऊन दादाला फोन लावला. पहिल्याच घंटेला त्यानं उचलला.

"काय झाला? आई बरी असा मां?"

"बरी असा."

"मग?"

"लॅपटॉपचो पासवर्ड होयो होतो. निळ्या पडद्यार इचारता तो."

पलीकडं बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं, फोन ठेवला. मग दादा म्हणाला, "सोड मरे. नवीन घे एक. पैसे मी धाडतंय."

"दादा, पासवर्ड सांग."

"झील गेम खेळा, म्हणान घातललंय तो. तेका कळाचो नाय असो काय तरी होयो होतो."

"पण काय?"

"सुको बांगडो," दादा म्हणाला.

आता मला थोडा खुलासा करणं भाग आहे. लहानपणी मी फार काटकुळा होतो. छातीच्या बरगड्या बाहेरून मोजता येत. शाळेत मला काय म्हणत ते महत्त्वाचं नाही. घरात दादा मला 'सुको बांगडो' म्हणायचा. त्यावरून मी त्याला दगड मारलेला आहे आणि त्याची खूण अजून त्याच्या भुवईवर आहे. आज माझं पोट पाहून हे कुणाला पटणार नाही. सांगायचा मुद्दा असा, की डोंबिवलीत हा माणूस कित्येक वर्षं रोज सकाळी लॅपटॉप उघडताना मला हाका मारत होता.

पण त्या वेळी भरून यायला सवड नव्हती. बांगडा इंग्रजीत कसा लिहायचा, ह्यावरून घोळ झाला. मी घातला, तो चुकला. दुसऱ्यांदा घातला, तोही चुकला.

"जीच्या फुडे ए घातलंस?" दादानं विचारलं.

"मग? बांगडो. ग ला ए नको?"

"नको. बी, ए, एन, जी, डी, ओ. इंग्लिशीत तू आदीपासून कच्चो."

तिसऱ्या खेपेला दार उघडलं.

त्यानंतर फोन ठेवायला हरकत नव्हती. पण दोघांनीही ठेवला नाही. दादा म्हणाला, "रव, मी व्हिडिओ लावतंय. तू तो फोन डब्यार टेकवन ठेव." मी फोन बेसनाच्या लाडवांच्या डब्याला टेकवला. डोंबिवलीतून दादाचा चष्मा आमच्या लॅपटॉपकडं बघू लागला.

पेनड्राइव्हवरून झारा सुरू झाली, पडदा काळा पडला, पुन्हा सुरू केली, जुन्या यंत्रांसाठीचा सोपा पर्याय निवडला, तेव्हा उजाडलं. मग प्रश्न सुरू झाले. पडद्यावर नेहमी दोन बटणं: पुढे जा, मागे फिर. रामेश्वरासमोर कौल लावतात, तेव्हा उजवी कळी पडते की डावी, ह्याकडं जसे सगळे डोळे लावून बसतात, तसे आम्ही बसलो. आई आतून येऊन पाट घेऊन बसली. तिला वाटलं, दादा काहीतरी शुभकार्य करतोय. भाषा कोणती, मराठी! कीबोर्ड कोणता, तो! टाइम झोन कोणता? नकाशावर मी मालवण शोधत होतो, तर उत्तर आलं, कोलकाता. सबंध भारताला तिथं एकच नाव आहे. आमच्या मालवणी घड्याळाला बंगाली सासर मिळालं.

आणि मग तो पडदा आला. झारा कुठं बसवू? सगळी डिस्क पुसून? विंडोजच्या शेजारी? की आणखी काही? शेवटच्या पर्यायाला टिचकी मारली, आणि समोर काय आलं म्हणता? वाटणीचा नकाशा! शपथेवर सांगतो, मोजणी खात्याचा असतो तसाच. एक लांब पट्टी, तिचे रंगीत तुकडे, खाली नावं. आणि नावंही कशी? सी, डी वगैरे नाही. एसडीए १, एसडीए २, एसडीए ३. म्हणजे सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर एक, दोन, तीन.

"आण्णांचो डी खयचो?" मी विचारलं.

"आदी कॉपी घेतलंस काय त्याची?"

बँकेत रोज संध्याकाळी बॅकअप झाला का म्हणून इतरांना छळणारा मी गप्प राहिलो. कन्येनं तीनदा सांगितलं होतं. पण आण्णांचा पसारा चाळीस जीबीचा आणि माझ्या आठ जीबीच्या एकुलत्या पेनड्राइव्हमध्ये झारा बसलेली. रात्रीचे अकरा वाजलेले, दुकानं बंद. दादाच्या चष्म्यानं माझ्याकडं फक्त बघितलं. तो मोजणीच्या दिवशी बघितलं होतं तसाच बघत होता.

"साइज बघ," तो म्हणाला. "सी दोनशेचो, डी दोनशे पासष्टचो."

मी बघितलं. दोनशेचा एकही नव्हता. दोनशे पासष्टचाही नव्हता. एक होता दोनशे पंधराचा, एक दोनशे चौऱ्याऐंशीचा, आणि एक लहान पट्टी, पायवाटेएवढी. माझ्या हाताला घाम सुटला. पाचशे जीबी म्हणून घेतलेली डिस्क विंडोज मोजते तेव्हा चारशे पासष्ट भरते, हे मला ठाऊक होतं. वाटेत पस्तीस जीबी कुणी खाल्ले, असा प्रश्न मी एकदा विचारलाही होता. आता तीच डिस्क लिनक्सनं मोजली, तर पुन्हा पाचशे! खाजगी मोजणी वेगळी आणि सरकारी मोजणी वेगळी. फणस नक्की कुणाच्या हिश्शात?

दादा मात्र हसला. त्या रात्री पहिल्यांदा. एक जण हजाराच्या हिशेबानं मोजतो आणि दुसरा एक हजार चोवीसच्या, म्हणून हा फरक, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं डोंबिवलीत आणि मी मालवणात कागदावर गुणाकार केला. दोनशेला एक हजार चोवीसनं तीनदा गुणा आणि हजारानं तीनदा भागा: दोनशे चौदा आणि वर काही. दोनशे पासष्टचं तसंच: दोनशे चौऱ्याऐंशी. जमा-नावे बरोबर जुळलं. सी म्हणजे हिस्सा दोन. आण्णा हिस्सा तीनमध्ये.

"दोन काढून टाक," दादा म्हणाला. "विंडोज होयी कशाक आता? सगळो दोन नंबर झाराक दी. तीनाक हात लावू नको. पायवाट तशीच रवांदे."

मी हिस्सा दोन रिकामा केला. तिथं झाराला जागा दिली. यंत्रानं शेवटचा इशारा दिला: हे पुसलं जाईल, परत मिळणार नाही. कोणतं कोणतं, ती यादी होती. यादीत एकच ओळ. मी ती मोठ्यानं वाचली. दादानं फोनच्या जवळ डोळे आणून वाचली. कन्येनं वाचली. बँकेत मोठ्या रकमेच्या व्हाउचरलासुद्धा दोनच सह्या लागतात.

"घाल गाऱ्हाणा," आई म्हणाली.

आता आण्णांनंतर गाऱ्हाणं घालायचं आमच्यात कुणाला येत नाही. पण आईच्या शब्दापुढं जाता येईना. मी उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, "हय जो काय लॅपटॉप अडकान पडललो असा, तेची वाट मोकळी कर. वीज जावक देव नको. खयचो हिस्सो चुकान पुसलो गेलो, तर तो भरून दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" लाडवांच्या डब्यावरून दादा म्हणाला.

मी बटण दाबलं.

विजेबद्दल मागितलं ते उगाच नव्हे. बॅटरी मेलेली, वीज गेली असती, तर अर्धी झारा आत आणि अर्धी बाहेर, अशी त्रिशंकू अवस्था झाली असती. बासष्ट टक्क्यांवर असताना दिवा दोनदा मिचकावला. आम्ही चौघं ज्या वेगानं उभे राहिलो, त्या वेगानं राष्ट्रगीतालाही कुणी उभं राहत नाही. पण वीज टिकली. दोनच्या सुमाराला झारा बसली. बाहेर पोरं नरकासुराला नाचवत होती, ढोल वाजत होता.

पण वाय-फाय चालेना. आमच्या लॅपटॉपमधल्या वाय-फायच्या कार्डाला (कुणी बनवलंय ते सांगत नाही, तेही माझ्यासारखंच म्हातारं झालंय) वेगळा ड्रायव्हर लागतो. तो ड्रायव्हर कुठं मिळतो? इंटरनेटवर. आणि इंटरनेट कशानं मिळतं? वाय-फायनं! वीस वर्षं मी काउंटरवर बसून लोकांना सांगत आलोय, की खातं उघडायला पत्त्याचा पुरावा आणा, आणि ते सांगत आलेत, की पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेचं पासबुक मागतात. ते लोक माझ्याकडं असे का बघायचे, ते त्या पहाटे कळलं. शेवटी कन्येनं फोन वायरीनं लॅपटॉपला जोडला आणि फोनचंच इंटरनेट आत सोडलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी लिहाव्या लागल्या, त्यांच्या आधी 'सुडो' असा शब्द. सुडो म्हणजे काय? तर साध्या वापरकर्त्यानं घटकाभर अधिकाऱ्याची सही करणं, आपलाच पासवर्ड घालून. वीस वर्षांत बँकेनं मला जे प्रमोशन दिलं नाही, ते झारानं एका रात्रीत दिलं.

पहाटे चारला आई अभ्यंगाचं पाणी तापवायला उठून गेली. मी हिस्सा तीन उघडला. फोल्डर होतं. आत आण्णांनी दिलेली नावं, एका बोटानं टाइप केलेली, मात्रा इकडं, वेलांटी तिकडं. 'गाऱ्हाणे २०१९' असं लिहिलेल्या फाइलवर मी टिचकी मारली. वाजेल की नाही, ह्याची खात्री नव्हती.

वाजलं. आधी समईत तेल ओतल्यासारखा आवाज, मग खाकरणं, मग आण्णा. पोरांबाळांना, सुनांना, गुरावासरांना, परगावी पोटासाठी गेलेल्यांना बरं ठेव म्हणून त्यांनी मागितलं. परगावचं मागताना ते डोंबिवली असं नाव घेऊन म्हणाले. ते मी तेव्हा ऐकलं नव्हतं. डब्यावरच्या फोनमध्ये दादा चष्मा काढून पुसत होता.

"आवाज बारीक असा," तो म्हणाला. "वाढव."

मी वाढवला. आबांकडचा कुत्रा भुंकला. आण्णांचं संपल्यावर दादा म्हणाला, "त्या दिवशीचा..."

मी म्हटलं, "माका म्हायत असा, पास नाय गावलो तो. मी बोलाक नको होता."

"बरा," दादा म्हणाला. "आता कारीट फोड आणि आंघोळ कर. पाच वाजले."

मंगळवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. रेल्वेचं तिकीट मिळालं नाही म्हणून रात्रभर एसटीत बसून आलेला दादा खाली उतरला. पाडव्याच्या पालखीला आलो, असं त्यानं आईला सांगितलं. त्याच्या खांद्याला एक काळी बॅग होती. चहा घेतल्यावर ती त्यानं माझ्यासमोर ठेवली आणि आतून एक लॅपटॉप काढला.

"२०१८ चो," तो म्हणाला. "कंपनीन आता दुसरो दिल्यान. ह्यो पण सुस्त चलता. तो झारो खय असा?"

सौ. स्वयंपाकघरातून तेलाचा झारा घेऊन आली.